थांबायचं कारण

खाडीला ओहोटी लागली होती. किशोरी लोके आपली छोटी होडी वल्हवत कांदळवनाच्या रोपवाटिकेकडे निघाली होती. गणपती होऊन गेले होते, काठावरच्या भाताला लोंब्या धरल्या होत्या, आणि मिठबावची खाडी दुपारच्या उन्हात अगदी गप्प पडली होती. वळण घेतलं, आणि तिला तो दिसला.

चिखलात गुडघ्याच्याही वर रुतलेला एक तरुण. डोक्यावर गोल टोपी. लाल-पांढऱ्या खुणांची एक लांबलचक पट्टी त्याने दोन्ही हातांनी आडवी, उंच धरली होती — नवरा-नवरीमध्ये अंतरपाट धरावा तशी.

किशोरीने वल्हं थांबवलं. "ओ! थंय काय करतास?"

"उभा आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने कबूल केलं, "म्हणजे... दुसरं काही करताच येत नाहीये."

"खंयचे तुमी?"

"पुण्याहून आलोय. पण मूळ मसुऱ्याचा!" हे 'मूळ मसुऱ्याचा' त्याने इतक्या घाईने सांगितलं, जणू तेवढं ऐकून चिखल त्याला सोडून देणार होता.

"मूळ तर हंयच रुजलेला दिसता," किशोरी म्हणाली.

तो हसला. हसताना आणखी चार बोटं खाली गेला. मग मात्र त्याचा चेहरा उतरला. किशोरीने होडी जवळ आणली आणि वल्हं पुढे केलं.

"आडवे व्हा. छातीवर. उभं राहून या चिखलातून कुणी बाहेर येत नाही. आणि ती पट्टी आधी इकडे द्या."

"पट्टी ऑफिसची आहे हो..."

"मग आधी ऑफिसाक वाचवतंय. तुमका मागसून."

पट्टी होडीत आली. तिच्यामागोमाग तोही आला — पोटावर घसरत, श्वास टाकत, नखशिखान्त चिखलाने माखलेला. एक बूट मात्र खाडीने ठेवून घेतला. होडीत बसून तो आपल्या अनवाणी पायाकडे बघत राहिला. किशोरी ओठ घट्ट मिटून दुसरीकडे बघत होती.

"हसलात तरी चालेल," तो म्हणाला.

मग काय... ती इतकी हसली, की पलीकडच्या खाजणातले बगळे उडाले.

"इथे कुणी बाबू लोके राहतात," हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं. "त्यांच्याकडे सकाळीच पोचायचं होतं मला. म्हटलं, जाता जाता एकदा खाडीचा काठ बघून घेऊ. ओळखता का त्यांना?"

"ओळखतंय थोडीफार," किशोरी म्हणाली, आणि होडी तिने सरळ आपल्या घरामागच्या पायऱ्यांना लावली. पडवीकडे तोंड करून हाक दिली, "बाबा, तुमचे पाव्हणे इले! खाडीतसून काढून हाडलंय!"

त्याने चमकून तिच्याकडे बघितलं. चिखलाने माखलेल्या त्या चेहऱ्यात दोन डोळेच तेवढे स्वच्छ होते... आणि ते लाजले होते. किशोरीला का कोण जाणे, वल्हं ठेवायला जरा वेळच लागला.

*

त्याचं नाव विनीत बागवे. पुण्यातल्या एका वास्तुरचनाकारांच्या कार्यालयात तो काम करायचा, आणि आला होता तो बाबू लोकेंच्या जमिनीसाठी.

त्या जमिनीची गोष्ट सांगायची तर तौक्ते वादळापासून सांगायला हवी. बाबू लोकेंनी उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर घालवली होती. जगातली वादळं पाहिली होती. पण त्या मे महिन्यात वारा त्यांच्याच अंगणात शिरला. हापूसची जुनी कलमं मुळासकट आडवी झाली, विजेचे खांब काडीसारखे मोडले, आणि गाव काळोखात बुडालं. कितीतरी दिवसांनी पार चंद्रपूरकडचे वायरमन आले. त्या मुलांनी समुद्र कधी बघितला नव्हता. ती लोकेंच्या पडवीत झोपायची, किशोरीची आई सावित्रीकाकी त्यांना भात-आमटी वाढायची, आणि भर पावसात ती खांबांवर चढायची. ज्या संध्याकाळी घरातला दिवा लागला, त्या संध्याकाळी बाबू लोके लहान मुलासारखे रडले.

"खंयची खंय पोरा," ते म्हणाले, "माझ्या घरात उजेड घालून गेली. आणि आमची पोरा? ती मुंबैक. हंय थांबतली तरी कित्याक? काम शिकवणारा कोण आसा?"

ते ऋण त्यांच्या मनातून गेलं नाही. म्हणून, बदलत्या हवामानाला तोंड कसं द्यायचं हे शिकवणारं आणि त्यातूनच गावातल्या गावात काम मिळवून देणारं एक प्रादेशिक संकुल किनाऱ्यावर कुठेतरी उभं करायचं, असं विद्यापीठाने ठरवलं, तेव्हा बाबू लोकेंनी आपली खाडीकाठची माडांची बाग देऊ केली. सौर पॅनेल बसवणं, वाऱ्याला न उडणारी घरं बांधणं, कांदळवन वाढवणं, विजेवर चालणाऱ्या होड्या दुरुस्त करणं... असं सगळं तिथे शिकवलं जाणार होतं. गावात त्याला 'हवामानाचा कॉलेज' म्हणायला लागले होते. "थंय पाऊस पाडूक शिकवतले काय?" असं म्हणून चहाच्या टपरीवर हसणंही व्हायचं.

पण किशोरीला हसू यायचं नाही. कोल्हापूरला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून ती मुद्दाम गावी परतली होती. बायकांना जमवून तिने कांदळवनाची रोपवाटिका उभी केली होती, आणि संकुलाचा प्रस्ताव तिनेच मांडला होता. दुसऱ्या एका जिल्ह्यानेही तयार जागा दाखवली होती. मार्गशीर्षात समिती येऊन दोन्ही जागा बघणार होती. त्याआधी आराखडा व्हायला हवा होता, आणि तो करायला विनीत आला होता.

"आमच्या बाबांचा जीव आहे त्या बागेत," पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं. "नीट काढा आराखडा."

"चिखलातून काढलंत मला," तो म्हणाला. "आता तुम्ही म्हणाल तसं काढणार."

"उलट उत्तरां बरी येतत तुमका."

"मूळ मसुऱ्याचा ना," विनीत म्हणाला.

*

विनीतने सरपंच रुक्मिणीताईंच्या घराची माडीवरची खोली भाड्याने घेतली. सकाळी तो तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून उभा राहायचा, आणि ती लाल-पांढरी पट्टी धरायला किशोरी यायची. रोपवाटिकेचं काम सांभाळून यायची, पण यायचीच.

"जरा डावीकडे... अजून... हं, तिथेच. हलू नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"तुमी पट्टी बघतास काय माका बघतास?"

दुर्बिणीमागचं डोकं आणखी खाली जायचं. मग उत्तर यायचं, "दुर्बिणीतून दोन्ही एकदमच दिसतं. माझा काय दोष?"

तो मालवणी शिकायला बघायचा. 'माका भूक लागलो' असं म्हणायचा, आणि सावित्रीकाकी पदर तोंडाला लावून हसत त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढायची. "शिकतलो हळूहळू," ती म्हणायची. "जेवता बरो."

ऑक्टोबरच्या मध्यावर एकदा दुपारीच आभाळ भरून आलं. गडगडाट झाला आणि परतीच्या पावसाने दोघांना बांधावरच गाठलं. सुकी मासळी ठेवायची, विणलेल्या झावळ्यांच्या झापांची एक खोपी जवळ होती, तिच्यात ते पळत शिरले. आत मिठाचा, झापांचा, ओल्या मातीचा वास कोंडला होता. छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं, त्यामुळे उभं राहायला जागा एकाचीच होती... आणि माणसं दोन.

किशोरीच्या पापणीवर एक थेंब अडकला होता. विनीतने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली.

"तुमचं काय?"

"मी भिजलोच आहे. आता काय उरलंय?"

बाहेर माडांच्या झावळ्या वेड्यासारख्या झुलत होत्या. तो त्यांच्याकडे बघत बोलू लागला. "खरं सांगू? मी डोंबिवलीत वाढलो. गावी यायचं ते फक्त आंगणेवाडीच्या जत्रेला. रात्रभर बस, मग रांग, ओटी, की लगेच परत. गाव म्हणजे गर्दी, असंच वाटायचं मला. असं निवांत गाव... मी पहिल्यांदाच बघतोय."

"मग बघून घे नीट," किशोरी म्हणाली.

"बघतोच आहे," तो म्हणाला. पण तो गावाकडे बघत नव्हता.

मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की ती 'घे' म्हणाली होती. 'घ्या' नव्हे. किशोरीने टोपी पुढे ओढून घेतली आणि पाऊस थांबायची वाट बघत राहिली — तो थांबू नये असं वाटत असताना.

*

दिवाळीच्या अमावास्येला मोठं उधाण येणार होतं. पाणी कुठवर चढतं ते बघायला दोघांनी बागेत बांबू रोवले, त्यांना रंगीत चिंध्या बांधल्या. सकाळी भरती चढू लागली. पाणी बांधाशी आलं, बांधाच्या फटीतून आत झिरपलं, मग गुपचूप, काही आवाज न करता, माडांच्या बुंध्यांमधून पसरत गेलं. एकेक चिंधी भिजत गेली. शेवटचा बांबू अगदी बागेच्या वरच्या कडेला होता. पाणी त्यालाही लागलं.

विनीतने वाकून ती भिजलेली चिंधी बोटांत धरली.

"किशोरी... इथे नाही बांधता येणार."

"जोतं उंच करू."

"किती? नुसत्या भरतीनं पाणी इथवर आलंय. याच्यावर वादळाची लाट धर. त्यातून समुद्र दरवर्षी थोडाथोडा चढतोय. बांधणारे आपण निघून जाऊ, पण आत मुलं असतील... वादळापासून कसं वाचायचं ते शिकायला आलेली मुलं."

किशोरीचा चेहरा लाल झाला. "माझ्या बाबांनी आपली सगळ्यात चांगली जमीन काढून दिलीय. त्यांना काय सांगू? तुमचं दान नको?"

"मी सांगतो."

"तू? तू कोण सांगणारा? आज आलास, उद्या जाशील. ही जागा गेली की संकुल दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. तुला काय, तू तिथलाही आराखडा काढशील!"

हे तिच्या तोंडून निघालं आणि तिलाच लागलं. पाण्यातून एकेक बांबू उपटून विनीतने खांद्यावर घेतला आणि बांधावरून चालू लागला. त्याची पाठ बघत किशोरी घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी राहिली.

दोन दिवस ती पट्टी धरायला गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बागेत गेली. बागेत एक विहीर होती. तिने कळशी सोडली, वर ओढली, ओंजळीत पाणी घेतलं... आणि तोंडात घेऊन थुंकलं. मचूळ. खारट.

'मीठ-बाव', गावाचं नाव फोडून लोक थट्टा करायचे — बाव म्हणजे विहीर. आज तिला ती थट्टा गोड लागली नाही. वर बघितलं तर माडांच्या झावळ्यांची टोकं करपलेली. गेलं वर्षभर ती स्वतःला सांगत होती, कीड असेल. एम.एस्सी. झालेली ती; दुसऱ्याच्या बागेत असतं तर लांबूनच ओळखलं असतं. आपल्या बागेत मात्र तिला ते बघायचं नव्हतं. विनीतने सांगितलं ते तिला ठाऊक होतं. तिला सांगणारा कुणी तरी हवा होता, एवढंच.

ती तशीच रुक्मिणीताईंच्या माडीवर गेली. विनीत कागदांत डोकं घालून बसला होता. दाढी वाढलेली, चहा गार झालेला.

"त्या दिवशी मी वाईट बोलले," ती म्हणाली.

"घाबरून बोललीस."

"हो. घाबरून." ती त्याच्या समोर बसली. "खरं सांगितलंस ते बरं केलंस. गोड बोलून आराखडा काढून देणं सोपं होतं तुला. बाबांना मी सांगणार आहे. तू फक्त बाजूला बस."

"बाजूला?"

"बाजूलाच," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

*

बाबू लोकेंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, कोयती घेतली आणि अंगणात नारळ सोलत बसले. सगळे सोलून झाले तरी बसून राहिले.

"काका..." विनीत जवळ गेला.

"माझी जमीन वायट, असा म्हणतंस तू?"

"नाही काका. जमीन चांगली आहे. समुद्र बदललाय."

बाबू लोके कोयती घेऊन आत गेले. पुढचे कितीतरी दिवस ते विनीतशी बोलले नाहीत. सावित्रीकाकी मात्र रोज दुपारी निरोप धाडायची. "भांडान घोवाचा आसा, जेवान माझा आसा," ती म्हणायची. "येव दे तेका." आणि विनीत यायचा, खाली मान घालून जेवायचा. समोर बाबू लोके बसलेले असायचे. एकदा त्यांनी न बोलता सोलकढीची वाटी त्याच्याकडे सरकवली. किशोरीने ते बघितलं आणि पटकन आत गेली.

मधल्या काळात विनीत गप्प बसला नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला, चढावर, गावचीच एक शाळा होती. मुलं उरली नाहीत म्हणून बंद पडलेली. जांभ्या दगडाच्या भिंती तौक्तेतही हलल्या नव्हत्या. उडालं होतं ते फक्त छप्पर. मागे ग्रामपंचायतीची मोकळी जमीन होती, विहिरीला गोडं पाणी होतं. रुक्मिणीताईंनी ग्रामसभा बोलावली, आणि ज्यांनी त्या शाळेत पाटी धरली होती त्या सगळ्यांनी हात वर केले. दिवसभर विनीत शाळा मोजायचा आणि किशोरी मोजपट्टीचं टोक धरायची. आता तो तिला "हलू नकोस" म्हणायचा, आणि ती मुद्दाम हलायची.

"किशोरी, आकडा चुकेल!"

"मग पुन्हा मोज. घाई कोणाला आहे?"

हे बोलून मात्र तिने टोक घट्ट धरलं. घाई होती. मार्गशीर्ष उजाडला होता. समिती येऊन गेली, की विनीतचं काम संपणार होतं.

*

समिती आली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंखे घरघरत होते. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, शांत. विनीतने भिंतीवर नकाशे लावले आणि खाडीकाठी का बांधायचं नाही ते काही न लपवता सांगितलं. मग शाळेचा आराखडा दाखवला. समितीतल्या एकाने चष्मा काढला.

"म्हणजे दान म्हणून दाखवलेली जमीन बाद. मग तुमच्या प्रस्तावात उरलं काय? एक बंद शाळा? पलीकडच्या जिल्ह्यात सपाट, तयार भूखंड आहे."

किशोरीने विनीतकडे बघितलं. विनीत भिंतीवरच्या नकाशांकडे वळला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बाबू लोके उठले. साहेबलोकांपुढे बोलायचं म्हणून त्यांनी शुद्ध मराठीतच सुरुवात केली.

"अध्यक्ष महोदया, माझी जमीन बाद नाही. मी दिलेलं परत घेत नाही. तुम्ही तिथे बांधू नका. पण ती घ्या." ते थांबले. मग ती शुद्ध मराठी सुटली, आणि त्यांची बोलीच तोंडी आली. "माझे माड मरतले, ह्या माका आता कळला. बावडीत मीठ इला. मी डोळे मिटून घेतलेले. माझ्या चेडवान आणि ह्या झिलान ते उघडले... माका राग इलो, खोटा कशाक बोलू? पण रागान पाणी खाली जाणा नाय. तुमी पोरांका वर शाळेत शिकवा, आणि खाली माझ्या बागेत हाडा. समुद्र कसो येता, तो तेंका हंय बघूक गावतलो. खंयचो माड आधी मरता, खंयचा झाड तग धरता, कांदळ लावल्यार पाणी कितक्या अडता... तुमच्या सपाट भूखंडार ह्या शिकवूक गावतला? माझी जमीन बुडतली तर बुडांदे. बुडता बुडता चार पोरांका शिकवन जांव दे."

ते खाली बसले. सावित्रीकाकीने सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अध्यक्षबाईंनी लगेच काही लिहून घेतलं नाही, की मान डोलावली नाही. फक्त म्हणाल्या, "मला ती बाग बघायची आहे. आत्ताच."

त्या उतरणीवरून सगळे खाली निघाले तेव्हा बाबू लोके विनीतच्या शेजारी आले. बांधावर पाय घसरणारी जागा आली, तिथे त्यांनी त्याचा दंड धरला आणि पुढे बराच वेळ तो सोडला नाही.

*

पौष सरता सरता पत्र आलं. संकुल मिठबावला होणार होतं — वरती शाळेत आणि खाली बागेत. पण तोवर विनीत पुण्याला गेला होता. निघताना सगळे पडवीत जमले होते, त्यामुळे जे बोलायचं ते राहूनच गेलं. "येतो," तो म्हणाला. "ये," ती म्हणाली. झालं.

नंतर फोन व्हायचे. छपराबद्दल, चिऱ्याबद्दल, पन्हाळीबद्दल. फोन ठेवल्यावर किशोरीला वाटायचं, पन्हाळीबद्दल इतकं कोण बोलतं? आणि तरी दुसऱ्या दिवशी फोनची वाट बघायची.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीचा कौल लागला आणि जत्रेचा दिवस ठरला. त्या दिवशी मसुऱ्याच्या वाटेवर एसटीच्या गाड्या, रिक्षा, टेम्पो यांची रीघ लागली. बाबू लोके आणि सावित्रीकाकी पुढे खाज्याच्या दुकानाशी थांबली होती. किशोरी ओटीची पिशवी घेऊन शेताच्या कुणग्यातून रांगेकडे चालली होती, आणि समोर विनीत उभा होता. कोरा पांढरा सदरा, कपाळाला गंध. त्याच्या हातात काही नव्हतं, आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"आईबाबांना घेऊन आलोय," तो म्हणाला. "आणि... एक सांगायचं होतं. संकुल बांधून होईपर्यंत देखरेखीला कुणीतरी इथे राहायला हवंय. मी ते काम मागून घेतलं. नंतर तिथे शिकवायचंही म्हणतोय."

किशोरीने ओटीची पिशवी छातीशी धरली. पण ती म्हणाली, "का?"

"का म्हणजे? तुम्ही लोकांनी मला किती दिलंय! तुझ्या आईने जेवू घातलं. काकांनी एवढं मोठं मन केलं. गाव म्हणजे काय ते तू दाखवलंस. मी तुमचा इतका ऋणी—"

"थांब," किशोरी म्हणाली. "ऋण फेडायला म्हणून राहू नकोस, विनीत. आम्हीही तुझे ऋणी आहोत, फिटंफाट झाली. आभार मानायचे असतील तर पुण्याहून एक पोस्टकार्ड टाक, पोचेल. इथे थांबायचं असेल... तर मला दुसरं कारण सांग."

दोघांच्या बाजूने माणसं जात होती. कुणाच्या हातात ऊस, कुणाच्या खांद्यावर पोर. कुठेतरी ढोल वाजत होता. विनीत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने श्वास घेतला आणि आपल्या मोडक्या मालवणीत, एकेक शब्द जपून टाकत तो म्हणाला,

"माका... तू व्हयी."

किशोरी त्याला सुधारायला गेली असती, पण यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. यावेळी त्याची मालवणी बरोबर होती.

"मेल्या," ती म्हणाली, "ह्या सांगूक इतके दीस? माका वाटला, तू पन्हाळीशीच लगीन करतलंस."

तो हसला, आणि मग तिला दिसलं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलंय. तिच्याही आलं होतं. तिने ओटीची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात, त्या एवढ्या गर्दीत, त्याच्या हातात दिला. क्षणभरच. सगळे ओळखतात अशा लोकेंच्या मुलीला भर जत्रेत याहून जास्त शक्य नव्हतं.

रांग हळूहळू पुढे सरकली. दरवर्षी भराडीदेवीपुढे उभी राहिली, की किशोरीकडे मागण्यांची यादी तयार असायची — रोपं जगू देत, बाबांचा गुडघा बरा होऊ दे, संकुल आमच्याकडे येऊ दे. आज तिने नारळ, तांदूळ, खण ठेवला. हात जोडले. आणि काही केल्या तिला एकही मागणं आठवेना. चंद्रपूरची ती मुलं आठवली, मागच्या बाकावरून उठलेले बाबा आठवले, ताटात वाढणारा आईचा हात आठवला. मनातल्या मनात देवीला एकेकाविषयी सांगत ती उभी राहिली... मागची बाई "चल गो बाय, पुढे हो" म्हणेपर्यंत.

बाहेर आली तेव्हा विनीत तिच्याच आईबाबांशेजारी उभा होता. बाबू लोके त्याला शाळेच्या छपराला कौलं बरी की पत्रे, हे हातवारे करून सांगत होते, आणि त्याची आई सावित्रीकाकीच्या पुड्यातलं खाजं खात होती. किशोरी आलेली बघून तो दोन पावलं पुढे आला.

"काय मागितलंस एवढा वेळ?"

"काहीच नाही."

"मग?"

"देवीक सांगत होतंय."

"काय सांगत होतीस?"

किशोरीने मागे वळून बघितलं. चार म्हातारी माणसं एका खाज्याच्या पुड्याभोवती जमली होती आणि कधीची ओळख असल्यासारखी एकदमच बोलत होती.

"घरी चल," ती म्हणाली. "सांगतंय."